दोन जावयांचं दुकान

थोरले जावई वयानं लहान आणि धाकटे जावई वयानं मोठे, इथूनच सगळा घोळ सुरू झाला.

सासूबाईंना दोन मुली. थोरलीचं लग्न आधी झालं, म्हणून तिचा नवरा थोरला जावई. धाकटीला स्थळ मिळता मिळता बराच काळ गेला, आणि शेवटी मिळालं ते जरा पिकलेलंच. त्यामुळे धाकट्या जावयांच्या मिशीत पांढरे केस, तर थोरल्यांच्या डोक्यावर काळंकुळकुळीत जंगल. नात्यानं हे मोठे, वयानं ते मोठे. दोघं एकमेकांना 'अहो साडूभाऊ' म्हणायचे आणि दार दिसलं की 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत बाहेरच उभे राहायचे. लग्नकार्यात हे सगळं शोभून दिसतं. पण दोघांनी मिळून परक्या देशात दुकान काढायचं म्हटल्यावर काय?

नोंदणीच्या कचेरीत पहिल्याच दिवशी गंमत झाली. काचेमागच्या कारकुनानं विचारलं, "तुमच्यात प्रमुख कोण?"

थोरल्यांनी धाकट्यांकडे बोट दाखवलं. धाकट्यांनी थोरल्यांकडे. कारकुनाला वाटलं, ह्यात काहीतरी काळंबेरं आहे. त्यानं चष्मा काढून दोघांना नीट न्याहाळलं. "म्हणजे असं बघा, दुकानात हुकूम कोण देणार?"

"हुकूम?" धाकटे दचकले. "मी ह्यांना हुकूम देऊ? नात्यानं मोठे आहेत हो ते!"

"आणि मी ह्यांना? छे छे! वयाचा काही मान आहे की नाही?" थोरले म्हणाले.

मागची रांग कुरकुरायला लागली तेव्हा कारकुनानं दोघांचीही नावं एकाच ओळीत कोंबली आणि सुटला बिचारा. बाहेर पडताना दारात पुन्हा 'आधी तुम्ही' झालंच.

थोरल्यांना मनातून ठाऊक होतं की प्रमुख दोघांपैकी कोणीच नाही. प्रमुख सासूबाई. आणि सासूबाई इथे नव्हत्याच, त्या तिकडे गावी होत्या.

सासूबाईंची पिठाची गिरणी होती. सासरे गेले तेव्हा मुली लहान होत्या. बाईनं पदर खोचला आणि गिरणीत उभी राहिली ती राहिलीच. पट्ट्याच्या घरघराटावर आवाज चढवून बोलायची अशी सवय जडली की बाई देवापुढे आरती म्हणायला लागल्या तरी शेजाऱ्यांना वाटायचं, भांडण जुंपलंय. दोन्ही मुलींची शिक्षणं, लग्नं, सगळं त्या पिठातून निघालं. पुढे मुली नवऱ्यांबरोबर परदेशी आल्या. थोरले एका पडदे शिवायच्या कारखान्यात कापड बेतायचं काम करत, धाकटे एका गोदामात माल चढवत-उतरवत. मग कारखाना बंद पडला. थोरले घरी बसले आणि एका जेवणात सहज बोलून गेले, की आपलंच दुकान असतं तर! भांडवलाचं नाव निघालं की जेवणं गपगार व्हायची.

हे मुलींकडून सासूबाईंच्या कानावर गेलं. बाईंनी कोणाला विचारलं नाही की सांगितलं नाही. गिरणी विकली आणि मोकळ्या झाल्या.

"गुडघे गेलेत माझे," त्या फोनवर म्हणाल्या. "किती दिवस उभी राहू? माझ्यापुरतं मी बाजूला ठेवलंय, माझी काळजी करू नका. पण एक ऐका. तुम्ही दोघंही माझे जावई, दोघांचा मान सारखा. एकानं दुसऱ्यावर हुकूम सोडलेला मला खपायचा नाही. अडलं की मला विचारा. मी सांगेन ते शेवटचं. आणि फोन फक्त रविवारी करायचा. बाकी दिवस माझं भजनी मंडळ असतं, कीर्तन असतं, मला उसंत नसते."

"बघा, म्हातारपण असं असावं," धाकटे म्हणाले. थोरल्यांनीही मान डोलावली. गिरणीची घरघर संपली, बाई टाळ वाजवत बसल्यात, ह्याहून चांगलं काय?

दुकान मिळालं ते एका चिंचोळ्या रस्त्यावर, औषधांचं दुकान आणि केस कापायचं दुकान ह्यांच्या मधोमध. पुढे एक मोठी काच, मागे एक लांबोडकी खोली. त्या खोलीत थोरल्यांनी बेतायचं टेबल टाकलं, दोन शिलाईयंत्रं ठेवली, भिंतीला कापडाचे तागे उभे केले. वर माडीवर दोन्ही बिऱ्हाडं, स्वयंपाकघर एकच. दोघी बहिणी सकाळी कामाला जात, एक शाळेच्या स्वयंपाकघरात आणि एक इस्पितळाच्या धुलाईखान्यात, आणि संध्याकाळी येऊन पडद्यांना कड्या लावत बसत.

काम वाटून घेण्याचा प्रश्न आला नाही, कारण थोरल्यांना बोलता येत नसे आणि धाकट्यांना गप्प बसता येत नसे. थोरले कातर चालवायचे. धाकटे शिडी आणि टेप घेऊन घरोघर खिडक्या मोजायला जायचे आणि येताना गोष्टी घेऊन यायचे. एका बाईची मांजर खिडकीच्या कठड्यावर झोपायची, म्हणून पडदा मांजरीच्या पाठीच्या वर चार बोटं थांबला पाहिजे. एका गृहस्थाला जाडजूड अस्तराचे पडदे हवे होते, कारण घरात सामानच नव्हतं आणि ते समोरच्यांना दिसता कामा नये. "अहो साडूभाऊ, पूर्ण दिवाणखान्यात एक खुर्ची! आणि पडदे कसले, तर मखमली!" थोरले हसायचे आणि मखमल बेतायला घ्यायचे. चुण्या अशा पाडायचे की दांडीवरून पडदा सरकवला तर हूं की चूं होऊ नये.

सुरुवात बरी झाली. मग त्याच रस्त्याच्या टोकाला एक भलंमोठं दुकान उघडलं, सगळ्या घरगुती वस्तूंचं, आणि तिथे तयार पडदे मिळायला लागले. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेले. खिडकी कशीही असो, लांबी ठरलेली. लोक वडापाव घ्यावा तसा पडदा घेऊन काखेत मारून घरी जायला लागले. इकडे दारावरची घंटा वाजेनाशी झाली. वाजलीच तर केस कापायला आलेलं कोणीतरी चुकून आत शिरलेलं असे.

रविवारी स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केला जायचा. समोर दोघं जावई, मागे दोघी मुली.

"काय जावईबापू, कसं चाललंय दुकान?" सासूबाईंचा आवाज भिंतीवर आपटायचा.

आता सासुरवाडीला रडगाणं गायचं कसं? तेही ज्या बाईनं गिरणी विकली तिच्यापुढे? थोरल्यांच्या जिभेवर खरं आलं होतं. पण त्यांना वाटलं, वयानं मोठे आहेत ते, त्यांना आधी बोलू द्यावं. धाकट्यांना वाटलं, नात्यानं मोठे आहेत ते, त्यांनी सुरुवात करावी. त्या शांततेत सासूबाई म्हणाल्या, "हॅलो? मेलात की काय सगळे?"

"जोरात आहे, आई!" धाकटे घाईघाईनं म्हणाले.

"एकदम जोरात," थोरल्यांनी री ओढली.

फोन ठेवल्यावर थोरली म्हणाली, "बरं केलंत. आईला कशाला घोर लावायचा? पुढच्या महिन्यात होईल नीट."

पुढच्या महिन्यात काही नीट झालं नाही. पण 'जोरात' एकदा म्हटल्यावर पुढच्या रविवारी त्याच्या खाली कसं यायचं? आणि दोन जावई असल्यावर एकाला दुसऱ्याच्या मागे राहून चालत नाही. थोरल्यांनी एका हॉटेलचं काम आल्याचं सांगितलं, तर धाकट्यांनी लगेच दुसरं हॉटेल काढलं. थोरले म्हणाले, जेवायला फुरसत नाही. धाकटे म्हणाले, जेवणाचं सोडा, पाणी प्यायला नाही. खरं तर दोघंही दुपारी टेबलावर डोकं टेकून घोरत असत. सासूबाई मात्र मन लावून ऐकायच्या आणि मधूनच विचारायच्या, "गिऱ्हाइकाला किती दिवस थांबावं लागतं?" त्यांना धंदा कळत होता. त्यांच्यापुढे जे ठेवलं जात होतं त्यात फक्त खरं काही नव्हतं.

आणि एका रविवारी त्यांनी निकाल दिला.

"हे बघा, गिऱ्हाईक ताटकळत ठेवायचं नसतं. ताटकळलेला माणूस डबा उचलतो आणि दुसऱ्या गिरणीत जातो. एवढं काम आहे तर दुसरं दुकान टाका. एक थोरले बघतील, एक धाकटे. म्हणजे कोण मोठा, कोण लहान, ती भानगडही मिटली."

धाकट्यांनी डब्याला टेकवलेला फोन उगाच सरळ केला.

"काय? बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे, आई," दोघं एका सुरात म्हणाले.

फोन बंद झाल्यावर चौघंही एकमेकांकडे आ वासून बघत राहिले. एकानं, कोणीही एकानं, त्या क्षणी फोन उचलून परत लावला असता तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण कोणी लावायचा? झालं! दुसरं दुकान घेतलं. एक दुकान चालत नव्हतं, म्हणून दुसरं घेतलं, असा हा जगावेगळा कारभार.

दुसरं दुकान पुलापलीकडे होतं, बस थांब्यासमोर. तिथे आधी कोणीतरी शोभेचे मासे विकायचं, त्यामुळे फरशीवर काचेच्या टाक्यांचे चौकोनी डाग होते आणि कितीही पुसलं तरी शेवाळ्याचा वास जात नव्हता. थोरले तिथे बसायला लागले. काचेत त्यांनी आपल्या हातचा सगळ्यात देखणा पडदा लावला, मोहरीच्या रंगाचा, दुहेरी अस्तराचा. लोक पडद्याशी थांबत, आत येत, आणि विचारत, "बस गेली का हो?" थोड्याच दिवसांत थोरल्यांना सगळ्या बसच्या वेळा पाठ झाल्या. पडदा एकही गेला नाही.

पुलाअलीकडच्या दुकानात जी दोन-चार कामं येत त्यांवर आता दोन दुकानांचं भाडं निघायचं होतं. धाकट्यांनी पुन्हा गोदामात अर्धवेळ काम धरलं होतं. ते हे कोणाला सांगत नसत, पण त्यांच्या सदऱ्याला गोदामातल्या पुठ्ठ्याचा भुसा लागलेला थोरल्यांना दिसत होता. आणि मग एका सोमवारी पुलापलीकडच्या जागेची मालकीण खाली आली. ती त्या दुकानाच्या वरच राहायची, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा अडकवून हिंडायची.

"पुढच्या सोमवारी मला सांगा," ती म्हणाली. "राहणार असाल तर वर्षाचा करार करा. मग मध्येच उठून जाता येणार नाही. नसाल राहणार तर जागा रिकामी करा. माझ्याकडे दुसरा माणूस उभा आहे."

"आम्हाला विचारावं लागेल," थोरले म्हणाले.

"कोणाला?"

"आमच्या सासूबाईंना."

"त्यांनी हे दुकान पाहिलंय?"

"नाही."

"मग त्यांना काय कळणार?"

"आम्ही सांगतो ना त्यांना सगळं."

"सगळं?" मालकिणीनं रिकाम्या दुकानाकडे एकदा बघितलं. थोरले उठून पडद्याची चुणी सारखी करायला लागले. ती सारखीच होती.

हिशोब अगदी साधा होता, शेंबड्या पोरालाही कळेल असा. वर्षाचा करार केला की दुसऱ्या दुकानाबरोबर पहिलंही बुडणार आणि त्याबरोबर गिरणीही. करार करायचा नसेल तर रविवारी सासूबाईंना सांगावं लागणार, की आई, आम्ही इतके दिवस तुमच्याशी खोटं बोललो. संध्याकाळी थोरल्यांनी धाकट्यांना मागच्या खोलीत गाठलं.

"साडूभाऊ, ह्या रविवारी आईंना सांगितलंच पाहिजे."

"अगदी माझ्या मनातलं बोललात. सांगा तुम्ही."

"मी? तुम्ही वयानं मोठे. तुमच्या शब्दाला वजन आहे."

"वजन कसलं! थोरले जावई तुम्ही. मी आधी तोंड उघडलं तर आईंना वाटेल, ह्यानं थोरल्याचा मान ठेवला नाही."

"आणि मी सांगितलं तर त्यांना वाटेल, मी तुमच्यावर ढकलतोय."

"मग असं करू, दोघं एकदम सांगू."

"एक-दोन-तीन म्हणून?"

धाकट्यांनी ह्यावर खरंच थोडा विचार केला. थोरल्यांनी कपाळाला हात लावला. रविवारी काय होणार हे त्यांना आत्ताच दिसत होतं. चौघं डब्यापुढे बसणार, सासूबाई विचारणार, आणि कोणीतरी म्हणणार, एकदम जोरात.

म्हणून मंगळवारी सकाळी, पुलापलीकडच्या दुकानात एकटे असताना, थोरल्यांनी फोन काढला. तिकडे दुपार असणार. बाई भजनाहून परतल्या असतील, पडल्या असतील जरा. सगळ्यांसमोर जमत नाही ते एकट्यानं बोलून टाकावं, शिव्या खाव्यात आणि मोकळं व्हावं. त्यांनी नंबर लावला. फोन खूप वेळ वाजला. मग कोणी पुरुषानं उचलला.

"हॅलो! कोण? जरा मोठ्यानं बोला!"

मागे घरघर चालू होती. थोरल्यांना वाटलं चुकून दुसरीकडे लागला. "हा फोन... बाईंचा ना?"

"मावशींचाच आहे. मावशी कामात आहेत. दळण टाकलंय, आज गर्दी फार आहे. काय काम होतं?"

"कामात म्हणजे?"

"म्हणजे गिरणीत हो! मी गिरणीचा मालक बोलतोय. मावशी इथेच असतात ना कामाला. रविवारी गिरणी बंद असते, तेव्हा करत जा फोन."

थोरल्यांनी फोन कानाशी आणखी दाबला. "केव्हापासून आहेत?"

"मी गिरणी घेतली तेव्हापासूनच. त्याच म्हणाल्या, मला ठेवून घे. मी म्हटलं, मावशी, मला तर बरंच आहे, तुमच्यासारखं एकसारखं पीठ कोण काढतंय? थांबा, बोलावतो. ओ मावशी! फोन!"

घरघर मोठी झाली. मग सासूबाईंचा आवाज आला, तोच भिंतीवर आपटणारा. "कोण?"

"आई, मी. थोरला."

नुसती गिरणी ऐकू येत राहिली.

"आज मंगळवार ना?" सासूबाई शेवटी म्हणाल्या.

"हो. सहजच केला."

"मी... दळण आणायला आले होते गिरणीत."

"हो का."

"गर्दी आहे हो. नंबर लागायचाय अजून."

"हो हो, घ्या तुम्ही दळण. गडबड नाही."

"सगळं ठीक ना तिकडे? दुकान?"

"जोरात, आई."

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

थोरले खाली डागाळलेल्या फरशीवरच बसले. त्यांना लाज वाटली, अंग आक्रसून घेणारी लाज. बाईनं स्वतःपुरतं काही बाजूला ठेवलंच नव्हतं. जिथे मालकीण म्हणून उभ्या होत्या तिथेच त्या दुखऱ्या गुडघ्यांनी आता नोकर म्हणून उभ्या होत्या. भजनी मंडळ नव्हतं, कीर्तन नव्हतं. रविवार होता तो गिरणीच्या सुट्टीचा. जावयांपुढे हात पसरायचे नसतात, जावयाला आपली अडचण कळू द्यायची नसते, म्हणून बाई खोटं बोलल्या. सासूपुढे पडती बाजू दाखवायची नसते म्हणून जावई खोटं बोलले. आणि ह्या दोन खोट्यांच्या मधोमध हे मोहरी रंगाच्या पडद्याचं रिकामं दुकान उभं राहिलं होतं. थोरल्यांनी डोळे पुसले. तेवढ्यात कोणीतरी दारातून डोकावून विचारलं, बस गेली का? "गेली," ते म्हणाले.

घरी त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. बायकोला सांगावंसं शंभरदा वाटलं. पण तिला कळलं असतं तर ती त्याच मिनिटाला फोन लावून रडली असती, आणि सासूबाईंनी एवढे दिवस जपलेलं सगळं एका हुंदक्यात गेलं असतं. तो हक्क आपला नाही, असं थोरल्यांनी ठरवलं.

रविवार आला. साखरेच्या डब्याला फोन टेकला. चौघं बसले.

"काय जावईबापू, कसं चाललंय?" आज आवाज जरा कमी चढलेला होता.

"एकदम जो..." धाकट्यांनी सुरुवात केली.

"नाही, आई," थोरले म्हणाले. "चालत नाही. आधीपासूनच चालत नाहीये. हॉटेलं वगैरे काही नव्हती. दुसऱ्या दुकानात मी रोज लोकांना बसच्या वेळा सांगत बसतो. उद्या वर्षाचा करार केला तर सगळंच बुडेल. आम्ही तुम्हाला खोटं सांगितलं."

धाकट्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. थोरलीनं नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

"धाकटे जावई," सासूबाई म्हणाल्या, "हे खरं?"

"खरं आहे, आई," धाकटे म्हणाले. "पहिल्यांदा मीच जोरात म्हणालो. मी वयानं मोठा, चूक माझी."

"छे, ते कसं? नात्यानं मोठा मी. चूक माझी."

"अहो पण दुसरं हॉटेल मी काढलं होतं..."

"पहिलं मी काढलं म्हणून ना तुम्ही..."

"गप्प बसा दोघं!" सासूबाई कडाडल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी जावयांना अरे म्हणून हाक मारली नव्हती की कधी दटावलं नव्हतं. दोघंही शाळेतल्यासारखे ताठ बसले. "चूकसुद्धा आधी तुम्ही, आधी तुम्ही करत खाणार काय? आता मला सांगा, गिऱ्हाईक गेलं कुठे?"

मग धाकट्यांनी सगळं सांगितलं. रस्त्याच्या टोकाचं मोठं दुकान, प्लॅस्टिकच्या पिशव्या, ठरलेली लांबी. सासूबाई मध्ये मध्ये 'हं' म्हणत होत्या.

"ते तयार पडदे सगळ्यांच्या खिडकीला बरोबर बसतात?"

"कुठले, आई! एक तर जमिनीवर लोळतात, नाहीतर तोकडे पडून खिडकी उघडी राहते. मी जातो ना घरोघर, बघतो ना. टाचण्या लावून वर धरलेले असतात."

"मग त्यांना मापात कोण करून देतं?"

धाकट्यांनी थोरल्यांकडे पाहिलं, थोरल्यांनी धाकट्यांकडे.

"अहो, मग तुम्ही बसलाय कशाला तिथे?" सासूबाई म्हणाल्या. "मी कधी गहू विकला का? लोक आपलं धान्य घेऊन येतात, आपण दळून देतो. त्या मोठ्या दुकानाशी कशाला भांडायचं? त्यांना विकू दे हवे तेवढे पडदे. दारावर पाटी लावा, की पडदे कुठूनही आणा, आम्ही तुमच्या खिडकीच्या मापाचे करून देतो. थोरल्यांनी शिवावं, धाकट्यांनी नेऊन लावावं. दुसरं दुकान उद्या सकाळी सोडून द्या. हे मला आधी सांगितलं असतंत तर त्याच रविवारी सांगितलं असतं मी."

धाकट्यांनी टेबलावर मूठ आपटली. "साडूभाऊ, मांजरवाल्या बाईच्या शेजारणीकडेच तीन खिडक्या आहेत टाचण्यांच्या!"

"जा की मग उद्या," थोरले म्हणाले, आणि म्हणून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण हुकूम दिला. धाकट्यांच्या ते लक्षातही आलं नाही. "सकाळीच जातो," ते म्हणाले. मुली हसायला लागल्या. धाकटीनं डोळ्यांना पदर लावला. बऱ्याच दिवसांत त्या स्वयंपाकघरात कोणी इतकं मोकळं हसलं नव्हतं.

"आई," थोरले म्हणाले, "मी मंगळवारी फोन केला होता..."

"दळण आणायला गेले होते म्हटलं ना," सासूबाई झटकन म्हणाल्या.

थोरल्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं. ती अजून हसतच होती.

"हो, तेच विचारतोय," ते म्हणाले. "मिळालं ना दळण नीट?"

"मिळालं."

फोन बंद झाला की काय, म्हणून धाकट्यांनी पुढे वाकून पाहिलं.

"थोरले जावई," सासूबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू होता. "आता रविवारीच फोन करायला हवा असं काही नाही. मधल्या वारी केलात तरी चालेल. फक्त जरा वाजू द्या. हात पिठाचे असतात."